दुखत नाही तोच पाय आधी दाखवा: ‘टाच ते नख’ फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तो मेसेज मला चार ठिकाणांहून आला. भाऊबंदकीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, गल्लीतल्या गणेश मंडळाचा ग्रुप, आणि शेवटी आमच्या काकूने पर्सनलवर पाठवला, वर लिहिलेलं "तुना कामनं शे, देख". ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी सार सांगतो. पायाच्या तक्रारीसाठी दवाखान्यात जायची गरजच नाही म्हणे. टाच दुखते म्हणजे युरिक ॲसिड, तर डाळ बंद करा. कुरूपाला मूळ असतं, ते बिब्ब्याने जाळा. पायात मुंग्या आणि जळजळ म्हणजे रक्त अडकलंय, तर सोसवेल तितक्या कडक मिठाच्या पाण्यात पाय बुडवा आणि वरून काट्याची ॲक्युप्रेशर चप्पल घाला. चिखल्यांना मेडिकलवरची थ्री-इन-वन ट्यूब लावा, भेगांना आमसुलाचं तेल लावा, नख रुतलं तर मधोमध व्ही कापा, आणि पोराचे पाय सपाट असतील तर भरतीआधी तीन महिने पट्टा बांधा, कमान येते. खाली पुढे पाठवा, पुण्य लागेल वगैरे.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. जळगावात पायांच्या एका क्लिनिकमध्ये मी इनसोल, म्हणजे बुटा-चपलेत घालायची गादी, बनवतो. शाईच्या चटईवर पेशंटला चालवायचं, ठसा घ्यायचा, शीट कापायची, ग्राइंडरवर घासायची, नऊ वर्षं झाली. डॉक्टर तपासतात तेव्हा मी शेजारीच असतो, त्यामुळे दिवसभर पाय बघणं आणि तीच ती समजूत ऐकणं हेच चालू असतं. त्या भरवशावर लिहितोय.

आमसुलाच्या तेलाचं आधी उरकतो कारण ते बरोबर आहे. तेल, व्हॅसलीन, युरियावालं क्रीम, काहीही चालेल, आंघोळ झाली की पाय किंचित ओले असतानाच चोळा आणि रात्री मोजे घालून झोपा. भेगेतून रक्त येत असेल, किंवा सोबत खाज आणि पांढरा भुगा पडत असेल तर मात्र ती बुरशी किंवा सोरायसिससुद्धा असू शकते, मग तेलाने भागत नाही.

आता टाच. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिलं पाऊल टेकवताना कळ येते, दहावीस पावलं चाललं की सैल होतं, आणि बराच वेळ बसून उठलं की परत तेच. असं सांगणारा माणूस आला की डॉक्टर टाचेच्या खाली आतल्या बाजूला अंगठ्याने दाबतात आणि पेशंट जागेवरून उडतो. तळव्याला टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, त्याचं ते दुखणं असतं, प्लँटर फॅशिआयटिस म्हणतात. युरिक ॲसिडमुळे सांधा दुखतो तो गाउट, आणि तो बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी येतो, तोही अचानक, बऱ्याचदा रात्री, सांधा लालबुंद होतो आणि वर चादर लागलेली सहन होत नाही. दोन्ही दुखणी इतकी वेगळी आहेत की एकाचं दुसरं समजायला खरंच मेहनत लागते, पण आपल्याकडे टाच दुखली की पहिला रिपोर्ट युरिक ॲसिडचाच काढतात, तो जरासा जास्त निघतो (कितीतरी लोकांचा निघतो आणि त्यांना जन्मात गाउट होत नाही) आणि मग घरात वरण-बट्टी बंद. डाळीवर हा राग का ते मला कळत नाही. २००४ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, सुमारे ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यात मटण आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाउट जास्त निघाला, प्युरीनवाल्या (प्युरीनचंच शरीरात युरिक ॲसिड होतं) भाज्या-डाळींनी काही वाढला नाही. मटणाच्या पार्टीला जायचं आणि घरी तुरीची डाळ सोडायची, काय म्हणावं.

आणि ते "हाड वाढलंय" प्रकरण. एक्सरेत टाचेला काटा दिसला की लोक घाबरून येतात. तसा काटा टाच कधीच न दुखलेल्या पुष्कळ लोकांच्या एक्सरेतही दिसतो, त्यामुळे तो काढून टाकायच्या मागे लागण्यात अर्थ नाही. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त येतात त्या बायका, घरात गुळगुळीत फरशी, त्यावर दिवसभर अनवाणी, दोन तास ओट्यापाशी उभं. त्यांना डॉक्टर सांगतात घरातसुद्धा मऊ चप्पल घाला, आणि सकाळी पाय खाली टेकवायच्या आधी पलंगावरच बसून बोटं हाताने आपल्याकडे ओढा, दहा सेकंद धरा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोटरीचा व्यायाम वेगळा. कंटाळवाणं आहे आणि महिनोन्महिने लागतात, पण बहुतेकांचं वर्षाच्या आत ऑपरेशनशिवाय बरं होतं. इंजेक्शन हा शॉर्टकट कधीतरी एखादं ठीक, पण इकडून एक तिकडून एक असं घेत सुटलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजते, पट्टा तुटूही शकतो. हां, पोरगा विशीतला आहे, दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही अर्धा तास आखडलेली असते, तर त्याला संधिवाताच्या डॉक्टरकडे न्या, तो माझ्या इनसोलचा विषय नाही.

कुरूप. ह्याला मूळबिळ काही नसतं. एकाच जागी चप्पल घासते, हाड दाबतं, कातडी स्वतःला वाचवायला थरावर थर चढवते आणि मधला भाग खिळ्यासारखा आत रुततो, लोक त्याला मूळ म्हणतात. डॉक्टर ब्लेडने तो थर तासतात, रक्तसुद्धा येत नाही, पेशंट त्याच दिवशी चालत घरी जातो. मग माझं काम सुरू होतं, कारण दाब तिथून हलवला नाही तर दोनतीन महिन्यांत तिथेच परत कुरूप. जुनी चप्पल तीच ठेवून कुरूप जाळत राहणारे लोक मी बघितलेत, दहा-दहा वर्षं.

गंमत अशी की लोक ज्याला कुरूप म्हणतात ते अर्ध्या वेळा चामखीळ असते, नाहीतर आत राहिलेला काटा. आपल्याकडे बाभळीचा काटा मोडणं आणि पऱ्हाटीचं खुंट घुसणं काही नवीन नाही. ओळखायची साधी रीत आहे, सरळ वरून दाबल्यावर दुखतं ते कुरूप, दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखते ती चामखीळ. चामखिळीवर काळे ठिपके दिसतात, ती मुळं नाहीत, गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या आहेत, आणि तळव्याच्या रेषा चामखिळीला वळसा घालून जातात, कुरुपावरून मात्र सरळ जातात. तिन्हींचा इलाज वेगळा आणि तिन्हींवर फॉरवर्डवाला बिब्बा लावतोय! बिब्ब्याच्या तेलाने धोबी कपड्यांवर खूण करायचे, कितीही धुतलं तरी न जाणारी. ते तेल कातडीवर पडल्यावर फोड, चट्टे, सूज, कधी सगळ्या पायावर पसरतं. आजी लावायची हे मलाही माहितीये, माझीही लावायची. मेडिकलवर कुरुपाला चिकटवायची कॉर्न कॅप मिळते तेसुद्धा ॲसिडच असतं, ते बाजूची चांगली कातडीही खातं, शुगरवाल्यांनी त्याला हात लावू नये.

आता ते गरम पाणी. बाकीचे चुकीचे मुद्दे एक वेळ सोडून दिले असते, हा मुद्दा माणसाचा पाय घेऊ शकतो म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

माझे मामा शिरपूरकडचे. सतरा वर्षांची शुगर. चैत्रात वणीच्या गडावर पायी जायचा नवस होता, तोही अनवाणी. आपल्याकडचं चैत्रातलं ऊन आणि डांबरी रस्ता, तुम्हाला सांगायला नको. सोबतचे लोक सावली बघून थांबत होते, पायाला ओलं फडकं बांधत होते आणि मामा आपले पुढे, सगळे म्हणाले बघा काय श्रद्धा आहे, देवीने पाय सांभाळले. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मामीला चादरीवर डाग दिसला. तळव्याला रुपयाच्या नाण्याएवढा फोड फुटून आत जखम झालेली, करंगळी काळी पडायला लागलेली आणि मामांना पत्ताच नाही. वरून घरच्यांनी शेकायला गरम पाणी दिलं, ते किती गरम आहे हेही त्यांनी त्याच पायाने बघितलं. करंगळी गेली. जखम भरायला चार महिने प्लास्टर, दर आठवड्याला काढून बघायचं आणि नवीन घालायचं, म्हणजे त्या जागेवर भार पडत नाही आणि जखमेला भरायला वेळ मिळतो.

शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या, जळजळ, रात्री जास्त, आणि मग हळूहळू बधिरपणा. जळजळ होणारा पाय बधिर नसणार असं लोकांना वाटतं, पण दोन्ही एकाच पायात एकाच वेळी असू शकतं. म्हणून "सोसवेल तितकं कडक पाणी" हे वाक्यच घातक आहे, बधिर पायाला सगळंच सोसतं. आणि रक्त खरंच अडकलेलं असेल, म्हणजे पायाची रक्तवाहिनी अरुंद झाली असेल, तरी गरम पाणी नकोच, कारण गरम केलेल्या पायाला जास्त रक्त लागतं आणि तेच तर पोचत नसतं.

नस खराब आहे की रक्त कमी आहे हे घरबसल्या मेसेजवरून कसं कळणार? क्लिनिकमध्ये दहा मिनिटांत कळतं. नायलॉनचा एक जाड केसासारखा धागा असतो, तो वाकेपर्यंत टेकवला की बरोबर १० ग्रॅमचा भार पडतो. पेशंटने डोळे मिटायचे आणि लागलं की "हो" म्हणायचं. मी कितीतरी वेळा बघितलंय, डॉक्टर चार ठिकाणी टेकवतात आणि माणूस डोळे मिटून शांत बसलेला असतो, वाट बघत, की कधी सुरू करणार. मग १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे धातूचा चिमटा, थरथरवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवतात, थरथर कळते का बघायला. पायावरची नाडी बोटांनी बघतात, घोट्याच्या ब्लड प्रेशरला दंडाच्या ब्लड प्रेशरने भागतात, भागाकार ०.९ च्या खाली आला तर रक्ताची वाट अरुंद झालीय. आणि चप्पल उलटी करून बघतात, कुठे झिजलीय, आत खिळा तर नाही ना. एकदा एका बुवांच्या बुटात नातवाचा खेळण्यातला मणी निघाला होता, आठवडाभर त्यावर चाललेले.

ह्या बधिर पायांना ॲक्युप्रेशरची काट्याची चप्पल घालायला सांगणं म्हणजे दर पावलाला शंभर ठिकाणी दाब, आणि ज्याला दाब कळत नाही त्याच्याच तळव्याला. शुगर कमी होत नाही त्याने. उलट बधिर पायाचं शास्त्र आपल्याच देशात मोठं झालंय, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करायचे, जखमा कुष्ठरोगाने आपोआप होत नाहीत, दुखणं कळत नाही म्हणून त्याच जागेवर चालत राहिल्याने होतात हे त्यांनी दाखवून दिलं. एमसीआरची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) ती काळी चप्पल कुष्ठरोग्यांच्या पायांसाठीच्या कामातून आली आणि आज शुगरवाल्यांना देतात. काही लोक ती घालायला लाजतात, काटेरी चप्पल मात्र दाखवत फिरतात. २०२३ च्या आयसीएमआरच्या अभ्यासात देशात शुगरवाले १० कोटींच्या वर निघाले, आता विचार करा हा मेसेज कुणाकुणाच्या मोबाईलवर पोचत असेल.

चिखल्यांचं म्हणाल तर रावेर-यावलकडे केळीच्या बागांतली माणसं पावसाळ्यात हमखास येतात, दिवसभर ओल, गमबूट आणि आत भिजलेला मोजा. बोटांच्या बेचक्यात पांढरं भिजट कातडं, वास, खाज. साधं बुरशीचं क्रीम आणि बेचकं कोरडं ठेवणं, एवढ्याने बहुतेकांचं जमतं, फक्त खाज थांबली की लगेच क्रीम सोडू नका. थ्री-इन-वन ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, दोन दिवसांत खाज गायब म्हणून लोक खूश आणि आत बुरशी मजेत वाढतेय. अशी बरीच मलमं २०१८ मध्ये सरकारने शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी "ती ट्यूब द्या" म्हटलं की मिळतेच.

नखाचं थोडक्यात: नख मागून मुळातून वाढतं, पुढे व्ही कापून त्याच्या कडा मध्ये ओढल्या जात नाहीत. सरळ कापा, कोपरे कोरू नका, पू आला तर दाखवा.

राहिला सपाट पायाचा पट्टा, आणि इथे मी स्वतःच्याच पोटावर पाय देऊन बोलतोय. सकाळी पाचला रस्त्यावर पळणारी भरतीची पोरं बघितली की वाईट वाटतं, कुणीतरी त्यांना सांगतं आणि ती उधारी करून पट्टे, इनसोल घेतात. पट्टा काय, माझा इनसोलसुद्धा पायाला कमान बनवून देत नाही. दुखत असेल तर आराम पडतो, काढला की पाय होता तसा. लहान मुलांचे पाय पाचसहा वर्षांपर्यंत सपाटच दिसतात. मुलाला चवड्यावर उभं करा, कमान दिसली आणि दुखत नसेल तर काहीही करायचं नाही. आपल्या देशातच २३०० मुलांचे ठसे घेऊन १९९२ साली अभ्यास छापून आला, बूट-चप्पल वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के आणि अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. म्हणजे छोट्या पोराला मातीत खेळू दिलेलं बरं, आणि हे मी इनसोल विकणारा सांगतोय.

हे सगळं टाइप करायच्या आधी काकूला फोन केला. तिला अकरा वर्षं शुगर आहे, पाय कधी तपासलेत का विचारलं तर म्हणे "दुखतच नही ना रे भाऊ, मंग कसाले दखाडू?" शनिवारी बोलावलंय. ती काट्याची चप्पलही घेऊन ये म्हटलं, तर काही वेळ बोललीच नाही, मग म्हणाली ती कालच मागवली होती.