एका पाकिटानं युरिया सुटत नाही

रब्बीची पेरणी जवळ आली की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. गोषवारा असा: युरियानं वावरातले जिवाणू मरतात, त्यामुळं काळी जमीन दगडासारखी होते, आणि एकरी एक पाकीट ॲझोटोबॅक्टर (हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूचं खत) टाकलं तर गव्हाला युरियाची एकही बॅग लागत नाही. प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे, म्हणून ते पटतं.

"युरियानं जिवाणू मरतात." युरिया पिकाच्या कामी येतो तोच मुळात जिवाणूंमुळं. त्यांनी बनवलेलं युरिएज नावाचं विकर युरियाचा अमोनिया करतं, पुढं नायट्रोसोमोनास त्याचं नायट्राइट आणि नायट्रोबॅक्टर नायट्रेट करतो. घरी पाहायचं असेल तर वावरातली मूठभर ओली माती बाटलीत घ्या, चमचाभर युरिया मिसळा आणि झाकण लावा. दुसऱ्या बाटलीत तव्यावर अर्धा तास भाजलेली, मग गार करून ओली केलेली माती घ्या. एक-दोन दिवसांनी पहिलीचं झाकण उघडलं की अमोनिया नाकात झोंबतो; दुसरीत जिवाणू आणि विकर भाजून गेल्यानं तसा वास जवळजवळ नसतो.

खरं एवढंच की युरियाच्या दाण्याच्या अगदी भोवती अमोनिया साचतो, तिथले जिवाणू काही दिवस मार खातात आणि पुन्हा वाढतात. दुसरं म्हणजे जमिनीत नायट्रेट भरपूर असलं की ॲझोटोबॅक्टर हवेतला नत्र धरणं सोडतो. तो मरत नाही; आयतं मिळत असताना कोण राबतं?

"जमीन दगड होते." अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात जमीन कडक होते ती सोडियममुळं, आणि युरियात सोडियम नसतो. इतरत्र ओल्या वावरात फिरवलेला ट्रॅक्टर आणि पेटवून दिलेला गव्हांडा हे जास्त दोषी. युरियानं आम्लता वाढते हे खरं, पण आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत चुना ती पचवतो. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातल्या हलक्या जमिनीत मात्र सामू (पीएच) तपासत राहावा.

नुसता नत्र वर्षानुवर्षं देणं वाईटच. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हावर 1988 च्या सुमारास सुरू झालेल्या दीर्घकालीन खत प्रयोगात एकट्या नत्राचे वाफे मागं पडले, आणि नत्र-स्फुरद-पालाशसोबत शेणखत दिलेले पुढं राहिले. दोष युरिया देण्यात नाही, एकटा युरिया देण्यात आहे.

"एकरी एक पाकीट, युरिया शून्य." इथं हिशेबच मांडू. एकरी 16 क्विंटल गहू निघाला आणि दाण्यात सुमारे 2 टक्के नत्र धरला, तर 32 किलो नत्र पोत्यात भरून वावराबाहेर गेला. गव्हांड्यातला वेगळा. ॲझोटोबॅक्टर सगळं जुळून आलं तर हेक्टरी 20-25 किलोची भर घालतो, म्हणजे एकरी 8-10 किलो. 45 किलोच्या बॅगेत 20.7 किलो नत्र असतो. म्हणून जिवाणूखतानं वाचतो तो अर्धी बॅग युरिया, तोही जमिनीत सेंद्रिय कर्ब असेल तर. हा जिवाणू कर्बावर जगतो. शेणखत नाही, कुटार कुजवलं नाही, तर तो उपाशी.

वेळेवर पेरलेल्या ओलिताच्या गव्हाला हेक्टरी 120 किलो, म्हणजे एकरी 48 किलो नत्र. पेरणीवेळी 50 किलोच्या डीएपीच्या (नत्र-स्फुरदाचं खत) बॅगेतून 9 किलो मिळतो, सोबत 33 किलो युरिया. उरलेला 52 किलो युरिया 18 ते 21 दिवसांनी, पहिल्या ओलिताच्या वेळी. बीजप्रक्रिया, म्हणजे बियाण्याला जिवाणूखत चोळणं, नीट केली असेल तर हाच हप्ता 30-32 किलोवर आणा. युरिया फेकून लगेच पाणी सोडा. ओल्या मातीवर फेकून पाणी पुढं ढकललं, तर आपल्या जास्त सामूच्या मातीतून अमोनिया उडून जातो. आणि साऱ्याच्या (लांब वाफ्याच्या) खालच्या टोकाला पाणी साचलं की तिथला गहू पिवळा पडतो. तिथं दुसरे जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात.

पाकिटाचाही हिशेब चुकतो. मात्रा 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम; एकरी 45 किलो बियाण्याला 1125 ग्रॅम, म्हणजे 250 ग्रॅमची साडेचार पाकिटं लागतात. लिटरभर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून गार करा, त्यात संवर्धन (पाकिटातलं जिवाणूखत) कालवा, बियाण्यावर हलक्या हातानं चोळा आणि सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. प्रक्रिया केलेलं बियाणं डीएपीत मिसळलं किंवा पाकीट टिनाच्या शेडमध्ये तापत ठेवलं, तर नुसती राखुंडी लावल्यासारखं आहे. आणि सोयाबीनचं उरलेलं रायझोबियम (शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करणारं जिवाणूखत) गव्हाला लावू नका. गव्हाच्या मुळांवर त्याच्या गाठी येत नाहीत.