‘ऑफिसपुरतं लायसन्स’ मिळतं म्हणे!

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये लायसन्स गेलं तरी घाबरू नका. पोलिसांच्या पावतीवर गाडी चालवता येते. कंपनीचं पत्र जोडून आरटीओत अर्ज केला की ऑफिसला जाण्यायेण्यापुरतं लायसन्स मिळतं. नाहीच जमलं तर दुसऱ्या जिल्ह्यात नवीन काढा.’ आमच्या सोसायटीतल्या एकाने लेटरहेडवर ‘ड्युटी सकाळी ९ ते संध्याकाळी ६’ असं लिहून घेऊन शिक्कासुद्धा मारून आणला.

पावतीची गोष्ट अगदीच हवेतली नाही, म्हणूनच ती जास्त फसवते. एरवी पोलिसांनी लायसन्स ताब्यात घेतलं तर मिळालेल्या पावतीवर, तीत लिहिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मध्येच तसं आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीने त्याच कलमात चौथं पोटकलम आलं. दारू पिऊन चालवणं, बेदरकार चालवणं, हेल्मेट नसणं अशा गुन्ह्यांत घेतलेलं लायसन्स पुढे आरटीओकडे जातं, आणि ते परत हातात पडेपर्यंत त्या पावतीवर गाडी काढता येत नाही.

‘ऑफिसपुरतं’ ही कल्पना अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात गाडीत फुंकर मारून तपासणी झाल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं यंत्र बसवलं की मर्यादित लायसन्स खरंच मिळतं. आपल्याकडे वेळ किंवा रस्ता ठरवून दिलेलं लायसन्सच नाही. फार तर ठरावीक प्रकारच्या वाहनापुरती बंदी घालता येते. ट्रक बंद, स्कूटर चालू, असं होऊ शकेल. ‘हिंजवडीपर्यंत चालू, पुढे बंद’ असं नाही.

मुदतीबद्दल मेसेज गप्प आहे. पहिल्या वेळी आरटीओची बंदी तीन महिन्यांची, दुसऱ्यांदा लायसन्स रद्द. आणि कोर्टात ‘गुन्हा कबूल, दंड भरतो’ म्हणून मोकळे होणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, की कलम १८५ खाली, म्हणजे दारू पिऊन चालवल्याबद्दल, दोषी ठरलं की कोर्टाला किमान सहा महिन्यांची बंदी घालावीच लागते.

दुसऱ्या जिल्ह्याचा सल्ला तर सरळ खड्ड्यात नेणारा. ‘सारथी’ या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर नोंदी देशभराच्या एकत्र असतात. शिवाय बंदी असताना लायसन्ससाठी नुसता अर्ज करणं हाच कलम १८२ खाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. वर, मिळालेलं लायसन्स कवडीमोल.

खरी वाट कंटाळवाणी आहे. बंदी घालण्याआधी आरटीओला तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. तिथे जायचं, बोलायचं; आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील. कोर्टाच्या बंदीत वरचं कोर्ट फेरबदल करू शकतं.

लेटरहेडवाल्याला विचारलं, सुनावणीची नोटीस आली का? ‘कुठली नोटीस?’ मग टीव्हीखालच्या खणातून न फोडलेलं पाकीट निघालं. तारीख मागच्या मंगळवारची होती.