पोरची प्रथिने जनुकांना हातच लावत नाहीत?

बारावीनंतरच्या नोट्सपासून शेअर होणाऱ्या पोस्टपर्यंत एक दावा सतत दिसतो: न्यूक्लिअर पोर म्हणजे केंद्रकाच्या आवरणातले छिद्र, केंद्रकाचा दरवाजा. त्यातली प्रथिने फक्त ने-आण करतात. जनुकांवर परिणाम दिसलाच, तर तो ही वाहतूक बिघडल्याचा. दाव्याच्या पुष्ट्यर्थ दिले जाणारे तिन्ही मुद्दे तपासून पाहू.

‘पोर केंद्रकाच्या आवरणात, जनुके आत, मग भेट होणार कुठे?’

पोरमध्ये सुमारे ३० प्रकारची प्रथिने असतात. त्यांच्या नावांत ‘नप’ आणि एक आकडा असतो. पोरच्या सांगाड्यातली जागची हलत नाहीत, पण नप९८, नप१५३, नप५० ही फिरती आहेत. २०१० मध्ये फळमाशीवर काम करणाऱ्या दोन गटांना नप९८ आवरणापासून दूर, केंद्रकाच्या आत, चालू जनुकांवर बसलेले सापडले. एका गटाने तर त्याचा पोरला बांधलेला आणि आतच राहणारा, असे दोन प्रकार बनवून तुलना केली. म्हणजे जनुकाने पोरपाशी यायलाच हवे असे नाही. पोरचे प्रथिनही जनुकाकडे जाते.

‘जनुक पोरपाशी दिसते हा योगायोग.’

ही शंका रास्त आहे. यीस्टचे केंद्रक इतके लहान, की जनुक कुठेही भटकत असले तरी सुमारे ३० टक्के पेशींत ते कडेलाच, म्हणजे पोर असलेल्या आवरणापाशी दिसते. म्हणून मोजणीची सुरुवात शून्यापासून नव्हे, ३० पासून करायची. इनॉसिटॉल हे पोषकद्रव्य संपले की आयएनओ१ हे जनुक चालू होते आणि ६० टक्क्यांहून जास्त पेशींत कडेला सापडते. त्याच्या प्रमोटरमधला, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागातला, आठ अक्षरांचा तुकडा, जीजीजीटीटीजीजीए, दुसऱ्या जागी नेऊन बसवला तर ती जागाही कडेला जाते. पत्ता डीएनएतच लिहिलेला आहे!

‘प्रथिन काढले की वाहतूक कोलमडते, बाकी सगळे त्याचे पडसाद.’

खरा वाद इथे आहे, आणि उत्तरही इथेच सर्वांत भक्कम आहे. आयएनओ१ बंद झाल्यावरही तीन-चार पिढ्या पोरपाशी राहते. त्याच्या प्रमोटरवर हिस्टोन एच३ (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एक प्रथिन) च्या चौथ्या स्थानावरील लायसिनवर दोन मिथाइल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, टिकून असतात आणि जनुकाची आरएनए प्रत काढणारे आरएनए पॉलिमरेज तयारीत बसून असते. यीस्टमधून नप१०० काढले, तर आधी चालू असल्याची ही स्मृती पुसली जाते. पहिल्यांदा चालू होणे मात्र नीट होते. वाहतूकच बिघडली असती तर पहिली वेळही फसायला हवी होती. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या हेला पेशींत इंटरफेरॉन-गॅमा या रोगप्रतिकाराच्या संदेशाला दुसऱ्यांदा प्रतिसाद देताना एचएलए-डीआरए जनुक जास्त वेगाने चालू होते. त्यासाठी नप१०० चे भावंड नप९८ लागते. तिथे ते पोरवर नसते, केंद्रकाच्या आत प्रमोटरवर असते.

तरीही दावा करणाऱ्यांची एक तक्रार खरी आहे: या क्षेत्रातले सगळेच पुरावे इतके स्वच्छ नाहीत. आरएनएआयने, म्हणजे प्रथिनाचा आरएनए नष्ट करून, प्रथिन कमी करायला ४८ ते ७२ तास जातात. तेवढ्यात पेशी दोन-तीनदा विभागते, पोर अर्धवट जुळतात आणि मूळ कारण हरवते. म्हणून डेग्रॉन (प्रथिन नष्ट करायला लावणारे शेपूट) जोडून प्रथिन काही तासांत नष्ट करावे, आणि साठलेला आरएनए न मोजता नुकता बनत असलेला मोजावा. सोबत केंद्रकात जाणारे जीएफपी (चमकणारे हिरवे प्रथिन) आत पोचते का आणि बाहेर जायचा पॉली-ए आरएनए आत तुंबतो का, हे त्याच पेशींत पाहावे. एमएबी४१४ ही अँटिबॉडी वापरून चिप (प्रथिन डीएनएवर कुठे बसले आहे ते शोधायची पद्धत) केले असेल तर विशेष सावध: ती नप६२, नप१५३, नप२१४, नप३५८ अशा कितीतरी प्रथिनांना धरते, त्यामुळे जनुकावर नेमके कोण होते ते कळतच नाही.

उलट टोकाची, ‘पोरपाशी आले की जनुक चालू’ ही समजूतही टिकत नाही. उंदराच्या भ्रूणमूलपेशींत नप१५३ जनुके दाबून ठेवणाऱ्या पॉलिकोंब प्रथिनांच्या साथीने विकासाची जनुके बंद ठेवते. आणि काही रक्तकर्करोगांत ७ व ११ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन नप९८ चा एफजी-पुनरावृत्तींचा (एफ आणि जी या अमिनो आम्लांची जोडी पुन्हापुन्हा येणारा) भाग एचओएक्सए९ या जनुके नियंत्रित करणाऱ्या प्रथिनाला जोडला जातो. पोरमध्ये वाहतुकीच्या कामी येणारा तोच भाग इथे जनुके चालू करायला मदत करणाऱ्या सीबीपी आणि पी३०० या प्रथिनांना ओढून आणतो आणि भलतीच जनुके चालू करतो.