पळतोस कशाला?

मी बास्केटबॉलमधला पॉइंट गार्ड आहे. म्हणजे चेंडू पुढे नेणारा, कुणी कुठे उभं राहायचं ते हातवारे करून सांगणारा, आणि संघ हरला की सगळे ज्याच्याकडे बघतात तो. उमेदीची सगळी वर्षं पळणाऱ्या संघात गेली. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परतलेला चेंडू, मिळाला की सुटायचं. डावी-उजवीकडे दोघे भन्नाट धावत असायचे, पास कुणाला द्यायचा एवढंच माझ्याकडे. मग कुणाचे गुडघे गेले, कुणाच्या बदल्या झाल्या, संघ विरला. दुसऱ्या एका संघाने ‘अनुभवी गार्ड हवाय’ म्हणून मला घेतलं. कसला अनुभव, ते दोघांनीही विचारलं नाही.

या संघातला सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच गडी, एका बास्केटखालून निघतो आणि यथावकाश दुसऱ्या बास्केटखाली पोहोचतो. पहिल्याच सामन्यात मी प्रतिस्पर्ध्याचा चेंडू उडवला, सुसाट निघालो आणि मागे न बघता उजवीकडे पास दिला. पास अचूक होता. तिथे फक्त माणूस नव्हता. चेंडू रेषेबाहेर गेला, पंचांनी तो उचलला. आमची मंडळी तेव्हा मैदानाच्या मधल्या रेषेच्या अलीकडे एकमेकांची विचारपूस करत होती. सेंटर जवळ आला (यायला थोडा वेळ लागला) आणि म्हणाला, “अरे, पळतोस कशाला? बास्केट काय उठून जाणार आहे?”

हळू खेळणं म्हणजे आराम, असं लांबून वाटतं. साफ खोटं. धावताना विचार करावा लागत नाही. बचाव सावरायच्या आत काम उरकलेलं असतं. हळू गेलं की त्यांच्या अर्ध्या मैदानात पाचही जण हात पसरून समोर तयार असतात. तिथे फट पायांनी पडत नाही, थांबून पाडावी लागते. सेंटरने स्क्रीन लावायचा, म्हणजे मला अडवणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं, पूर्ण स्थिर व्हायचं, मग मी त्याच्या खांद्याला घासून निघायचं. मी अर्धा सेकंद आधी निघतो. माझ्या मागावरच्या बचावपटूला अडवायला सेंटर सरकतो, शिट्टी वाजते आणि मूव्हिंग स्क्रीनचा फाउल त्याच्या नावावर लागतो. मग तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो, त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

त्यात आमच्या मैदानावर शॉट क्लॉक नाही, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारायलाच लावणारं घड्याळ नाही. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्येही तो १९५४ पर्यंत नव्हता. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनी चेंडू धरून ठेवत मिनिआपोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं होतं. संपूर्ण सामन्याचा स्कोअर बरं का! सबुरीची गरज पटावी म्हणून हा किस्सा मी संघाला सांगितला, तर त्यांना तो आदर्श वाटला.

रात्री पाय शेकताना मोठ्या लोकांचे दाखले आठवतो. एनबीएतला नावाजलेला गार्ड गॅरी पेटन २००३ मध्ये लेकर्सकडे गेला. तिथल्या ट्रँगल पद्धतीत चेंडू सगळ्यांच्या हातून फिरायचा. गार्डने पास द्यायचा आणि बाजूला व्हायचं. सिएटलमध्ये वर्षानुवर्षं चेंडू हातात घेऊन राज्य केलेल्या माणसाला हे कसं रुचणार? संघ २००४ ची अंतिम फेरी डेट्रॉइटकडून १-४ हरला. उलट दुसरा गार्ड, जेसन किड बघा. न्यू जर्सीला फास्ट ब्रेकवर, म्हणजे बचाव सावरायच्या आत धावून केलेल्या हल्ल्यांवर, २००२ आणि २००३ असा दोनदा अंतिम फेरीत नेणारा हा गडी डॅलसमध्ये गेल्यावर तिथला हुकमी खेळाडू डर्क नोवित्स्की याला चेंडू देऊन तीन गुणांच्या रेषेबाहेर उभा राहायला लागला. तरुणपणी त्याच्या शॉटची टिंगल व्हायची. २०११ मध्ये अडतीसाव्या वर्षी तो विजेता ठरला. मला विचाराल तर फरक पायांत नव्हताच. चेंडू हातात नसताना आपण कोण, याचं उत्तर किडला सापडलं, पेटनला तेव्हा तरी नाही.

माझे पाय तर कधीच रुळले. त्यांना निमित्तच हवं होतं. तोंड मात्र अजून जुन्याच संघात आहे. कोपऱ्यात उभा राहून मी “चला, चला!” ओरडतो आणि समोरचा संघ घाबरून धावायला लागतो.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे आम्ही जिंकतोय. त्या जोशात परवा सेंटरच म्हणाला, “एकदा तुझा तो फास्ट ब्रेक मारूया. फक्त केव्हा ते आधी कळव, म्हणजे मी निघून ठेवतो.”