गिझरचा गॅस लागला तर थेट पुणं गाठू नका
राजारामपुरीच्या आमच्या ग्रुपवर फिरतंय की गॅस गिझरनं कोण बाथरूममध्ये बेशुद्ध पडलं तर कोल्हापुरात नेऊन उपयोग नाही, थेट पुण्याला हायपरबॅरिक चेंबरमध्ये, म्हणजे जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात त्या बंद खोलीत, न्या. भावांनो, असलं करू नका! गिझरमधून निघणारा विषारी गॅस, कार्बन मोनॉक्साईड, रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो, साध्या हवेत निम्मा उतरायला 4-5 तास, मास्कनं 100 टक्के ऑक्सिजन दिला की साधारण दीड तास आणि चेंबरमध्ये 20-30 मिनिटं, म्हणजे चेंबर भारी आहेच, पण मास्क जवळच्या दवाखान्यात मिळतो, तो आधी लावा, चेंबरचं डॉक्टर ठरवतील, बाई गरोदर असेल तर आवर्जून सांगा. आणि बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर 98 दाखवतंय म्हणून घरी थांबू नका, त्याला हा गॅस आणि ऑक्सिजन यातला फरकच कळत नाही. दार उघडा, माणसाला बाहेर काढा, 108 लावा.