तिसरा स्विच

1972 च्या एका एमजीबीसाठी, म्हणजे माझ्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसाठी, इंडिकेटरचे तीन स्विच झाले. तीन! आणि आज सकाळी राउंडअबाउटवर मी पुन्हा खिडकीतून हात काढून जातं ओढल्यासारखा गोल गोल फिरवत होते. डावीकडे वळायचं तर उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट फिरवायचा, हे इथल्या हायवे कोडात, म्हणजे वाहतुकीच्या नियमपुस्तकात, आजही आहे. ते ठाऊक असलेला इंग्लंडमधला शेवटचा माणूस बहुधा वारला. मागच्या व्हॅनवाल्याला वाटलं, मी त्याला 'जा पुढे' म्हणतेय. तो गेला. वर हॉर्न मारून गेला.

मूळचा स्विच पन्नास वर्षं चालला. वळण संपलं की दांडी परत आणणारा प्लॅस्टिकचा दात झिजला, एवढाच त्याचा गुन्हा. मी शहाणी, नवा मागवला. नवा म्हणजे कुणीतरी जुन्याचा फोटो एकदाच बघून, नंतर आठवून आठवून बनवलेला. पहिल्याची दांडी डावीकडून परत यायची, उजवीकडून यायचीच नाही. दुसऱ्याच्या वायरी चार बोटं आखूड. आणि हा तिसरा, परवाच आलेला, वळायच्या आधीच टक् करून बंद होतो! मी जगाला सांगतेय उजवीकडे जाणार, स्टिअरिंग जरा हललं की गाडी म्हणते, छे, गंमत केली.

दुकानात फोन लावला. पलीकडचे आजोबा साखरेच्या आवाजात, "बसवला कुणी, लव्ह? मिस्टरांनी?" आमच्या मिस्टरांना बल्ब बदलायचा तर शिडी धरायला माणूस लागतो. तो माणूस मी. म्हटलं, मीच बसवला. तीन सेकंद शांतता. मग, "अर्थिंग बघितलंस का?" अर्थिंग! या देशात जुन्या गाडीचं काहीही बिघडो, आधी अर्थिंग, आपल्याकडे पोर रडलं की दृष्ट काढतात तसं. अहो, दात चुकीच्या जागी आहे, त्याला अर्थिंग काय करणार? मग म्हणे, बाकी कुणाची तक्रार नाही. बाकीचे हात फिरवत असतील हो! आणि बसवलेला इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाहीत. न बसवता बिघाड कळायचा कसा, वास घेऊन?

एक पाऊस आला की माझ्या डाव्या मांडीवर छत गळतं, त्याबद्दल मी कधी बोलले? 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते जुन्या गाडीला सोसत नाही, म्हणून बाईसाहेबांना महागातलं पाजावं लागतं. आणि ते पाजताना पंपावर हमखास एक जण येणार, "माझ्या काकांकडे होती अश्शीच!" 1962 ते 1980 मध्ये पाच लाखांवर एमजीबी बनल्या आणि प्रत्येकीचा मालक कुणाचा तरी काका होता. काकांनी ती विकली का, हे कुणी सांगत नाही. मी सांगते. इंडिकेटर.

बरं, आता कबूल करून टाकते. दुसरा स्विच बहुधा ठीक होता. वायरी आखूड होत्या, त्या मी जोड देऊन वाढवल्या. डोकं पेडलपाशी, पाय सीटच्या पाठीवर, तोंडात टॉर्च. हिरवी-लाल वायर डावीकडची, हिरवी-पांढरी उजवीकडची. पन्नास वर्षांच्या मळाने दोन्हींवर गोडा मसाला चढलेला. मी उलट जोडल्या. दांडी डावीकडे केली की उजवे दिवे लुकलुकायचे. हे कळायच्या आत दुकानाला दीड पानी ईमेल गेली होती, त्यात एक शब्द ठळक अक्षरांत. आजोबा मला ओळखतात ते त्यामुळेच.

तर आता जुनाच स्विच डायनिंग टेबलावर उघडलाय. दाताला भर घालून घासला, छान बसत होता, आणि स्प्रिंग उडाली. नवरा गुडघ्यांवर बसून टॉर्चने शोधतोय. म्हटलं, फ्रिजच्या डावीकडे बघ.

"तुझ्या डावीकडे की माझ्या?"

मी हात फिरवून दाखवला. तो उठून चहा टाकायला गेला.