खुलासा: जीवराज मेहता नावापुरते ‘डॉक्टर’ नव्हते

१ मेपासून आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. गुजरातचे पहिले मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता यांची ‘डॉक्टर’ ही मानद पदवी होती, असं त्यात म्हटलंय. हे साफ चुकीचं आहे.

मेहता मूळचे अमरेलीचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, मग लंडनला जाऊन एम.डी. झाले. १९१४ मध्ये गांधीजी लंडनला आजारी पडले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत हेच तरुण डॉक्टर होते. पुढे परळचं केईएम रुग्णालय आणि जी. एस. मेडिकल कॉलेज उभं राहिलं, त्याचे पहिले अधिष्ठाता मेहताच. आईची केसपेपरची फाइल सांभाळत ठाण्याहून स्लो लोकलने परळला उतरून मी त्या ओपीडीच्या रांगेत कितीदा उभी राहिलेय, म्हणून हा मेसेज जास्त लागला.

राजकारण नंतरचं. द्विभाषिक मुंबई राज्यात ते मंत्री होते. १ मे १९६० ला गुजरात राज्य वेगळं झालं आणि ते मुख्यमंत्री झाले, १९६३ पर्यंत.

ज्यांनी मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी कृपया हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा.